चाचांनी मोजलेली दारं

चाचा कुठंही शिरले की आधी दारं मोजायचे. लग्नाचं कार्यालय असो, बँक असो, नाहीतर कुणाच्या घरचं बारसं. चपला काढायच्या आत त्यांची नजर चारी भिंतींवरून फिरून यायची. माझ्या धाकट्या बहिणीसाठी आम्ही एका मुलाचं घर बघायला गेलो होतो. वडील नव्हते, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी माझ्या ऑफिसातल्या चाचांना सोबत नेलं. चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या बापानं हौसेनं विचारलं, "काय पावणं, घर कसं वाटलं?"

"घर झ्याक हाय," चाचा म्हणाले. "पर मागं दार न्हाय. सैपाकघरात भडका उडाला तर सून कुठनं भाईर पडंल?"

माझ्या आईनं पदर तोंडावर धरला. मुलाच्या आईनं बशा आवरायला घेतल्या. ते लग्न जमलं, पण पुढं वर्षभर आई चाचांचं नाव काढलं की दात-ओठ खायची. त्या घराला मात्र सहा महिन्यांत मागून दार पाडलं गेलं, आणि ते का पाडलं हे व्याह्यांनी कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका लहानशा ट्रॅव्हल कंपनीत कामाला होते. टायपिंग, तिकिटं आणि फोन, तिन्ही माझ्याकडंच. तोवर आमच्या सहली अष्टविनायक नाहीतर दक्षिण भारत अशा असायच्या. मग मालकांच्या डोक्यात परदेशी जहाजाची सहल शिरली. सिंगापूरला विमानानं जायचं, तिथून चार रात्री जहाजावर, वाटेत मलेशियातली एक-दोन बंदरं, आणि परत. कोल्हापूरची माणसं रंकाळ्यापलीकडं पाण्यात गेलेली नसतात, त्यांना हे सगळं समजावणारं कुणीतरी हवं होतं. पेठेतलेच चाचा तेव्हा बावीस वर्षं जहाजावर काढून घरी परतले होते. मालकांनी त्यांना बोलावून आणलं.

बावीस वर्षं म्हणजे जहाजाच्या पोटात, कपडे धुण्याच्या खात्यात. चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं. चाचांच्या वडिलांचं पेठेत इस्त्रीचं दुकान होतं, तोच हात त्यांना समुद्रावर घेऊन गेला. जहाजाचा वरचा मजला, तो पोहण्याचा तलाव आणि ती आरामखुर्च्यांची रांग, हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते आमची पहिली सहल घेऊन गेले तेव्हा. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "ऊन लई हाय. खाली बरं वाटतंय."

कंपनीत कुणी त्यांच्याशी फार बोलत नसे. ते खोलीत असले की माणूस ताठ बसायचा. मालक सिगारेट ओढायला लागले की चाचा उठून त्यांच्याशेजारी उभे राहायचे आणि ती पूर्ण विझेपर्यंत हलायचे नाहीत. मी चहाचा स्टोव्ह पेटवला की पाठीमागून आवाज यायचा, "पदर." भर मे महिन्यातही त्यांच्या शर्टाची डावी बाही मनगटापर्यंत बंद असायची. एकदाच बटण तुटलेलं होतं तेव्हा मला भाजल्याचा डाग दिसला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेली. कपडे वाळवायच्या यंत्रात सुती कापडाचं तूस साठतं, ते एकदा पेटलं होतं. खोलीत दोघं होते.

"मला दार घावलं," चाचा म्हणाले. "त्याला न्हाय घावलं."

त्यानंतर मी त्यांच्या दारं मोजण्याला कधी हसले नाही.

"जहाजावर माणूस बुडून मरत न्हाय," ते प्रत्येक सहलीच्या पहिल्या बैठकीत सांगायचे. "धुरानं मरतोय." लोक पैसे मोजून मजा करायला आलेले असायचे, आणि हा माणूस त्यांना पहिल्याच वाक्यात मरण दाखवायचा. मालक मागच्या रांगेत कपाळ चोळत बसायचे.

पण चाचांच्या या बैठका म्हणजे खरोखर शाळाच होती. पेठेतल्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ते खडूनं जमिनीवर केबिन काढायचे, अगदी मापात. ही कॉट, हे कपाट, हा संडास, हे दार. नवरा-बायकोनं त्या चौकोनात अर्धा तास काढून दाखवायचा. मुरगूडच्या एका जोडप्यात दहाव्या मिनिटाला भांडण पेटलं, कारण पाटलांनी कॉटवर आडवं पडून सगळी जागा व्यापली आणि बाईंना संडासाच्या चौकोनात उभं राहावं लागलं. चाचांनी शांतपणे त्यांच्या नावापुढं लिहिलं, "दोन वेगळ्या कॉटा." ते जोडपं चार रात्री सुखानं राहून आलं.

बाकीच्या सूचनाही अशाच, रोकड्या. मोठी बॅग पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत केबिनीत येत नाही, तेव्हा औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवायचा. पोट ढवळणाऱ्यांनी केबिन मागायची ती खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध, तिथं हेलकावा सगळ्यांत कमी. तरीही मळमळलं तर आडवं पडायचं नाही, वर येऊन लांब पाण्याच्या कडेकडं बघायचं आणि जयसिंगपूरचं कोरडं भडंग चघळायचं. जेवणाच्या टेबलांवर पंचवीस पदार्थ मांडलेले दिसतील. "पयल्या फेरीत नुसतं बघून या. ताट घेऊ नगा. लग्नात बसल्यासारखं भरून घेतलं तर दुसऱ्या दिवशी खाटंवर." बंदरात उतरलं की घड्याळ जहाजाचंच ठेवायचं आणि सुटायच्या तासभर आधी शिडीपाशी यायचं. आणि केबिनीत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या दारापासून जिन्यापर्यंतची दारं मोजायची, हात भिंतीला लावून, डोळे मिटून. हॉलमध्ये साठीची माणसं डोळे मिटून भिंत चाचपत चाललेली बघून कार्यालयाचा रखवालदार पोट धरून हसायचा.

शेवटच्या बैठकीत बॅगांची तपासणी व्हायची. पुरुषांच्या बॅगा चाचा उघडायचे, बायकांच्या मी. इस्त्री, पाणी तापवायची कॉईल, उदबत्ती, मेणबत्ती, काडेपेटी, कापूर, सगळं बाहेर. लोकांना राग यायचा. एका वकिलांनी तर "आम्ही काय चोर आहोत का?" म्हणून अर्धा हॉल डोक्यावर घेतला होता. चाचांनी त्यांची कॉईल टेबलावर ठेवली आणि पुढच्या बॅगेची चेन ओढली.

सन दोन हजारनंतरच्या एका सहलीची गोष्ट. त्या वेळी अडतीस माणसं होती, आणि चाचांबरोबर मीही निघाले होते. त्यांत जयसिंगपूरच्या एका अडत व्यापाऱ्यांच्या आई होत्या, सत्तरीच्या, लिंगायत, गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग. सोबत आलेला मुलगा त्यांना अव्वा म्हणायचा, आम्ही सगळे आक्का. मी त्यांची बॅग उघडली तर तळाशी धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं सगळं पूजेचं साहित्य. भस्माची डबी, चांदीचं निरांजन, तुपात भिजवलेल्या वाती आणि कापराची डबी.

"आक्का, हे नाही नेता येणार," मी म्हटलं.

"बाळ, लिंगपूजा झाल्याबिगार मी पाणी सुदिक पीत न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "आरती न्हाय केली तर पूजा व्हईल कशी? पन्नास वर्षं झाली." मग त्यांनी स्वतःहून काडेपेटी काढून माझ्या हातात दिली. "ही घे. ही तुझ्यापाशी ठेव. मी न्हाय पेटवत काय. नुसतं मांडीन."

चाचा पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी दाढीच्या पिशवीत मान घालून होते. माझ्या हातात काडेपेटी होती. काडीशिवाय कापूर काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं. सत्तर वर्षांच्या बाईच्या देवाला मी कोण हात लावणार, असंही सांगितलं. मी पंचा होता तसा गुंडाळला आणि चेन ओढली.

सिंगापूरच्या हॉटेलात त्या काळी प्रत्येक खोलीत राखेच्या बशीत एक छोटी काडेपेटी ठेवलेली असायची. हे मला माहीत होतं. आक्कांना माहीत नसेल, असं मी धरून चालले होते.

जहाजाचा दुसरा दिवस. सकाळचे साडेसात. मी नाश्त्याच्या हॉलमध्ये चहा ओतत होते तेवढ्यात भोंगा झाला आणि घोषणा झाली, की पाचव्या मजल्यावरच्या प्रवाशांनी आपापल्या जमायच्या जागी यावं. आमची सगळी माणसं पाचव्या मजल्यावर होती. मी कप तिथंच ठेवून आमच्या जमायच्या जागी धावले.

इतर देशांचे लोक कॅमेरे घेऊन इकडं तिकडं धावत होते. आमची माणसं मात्र चार मिनिटांत रांगेत उभी होती, कुणी बनियनवर, कुणी तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन, पण रांगेत. मुरगूडचे पाटील दुसऱ्यांदा आले होते, ते बाकीच्यांना दरडावत होते. चाचांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"सदतीस," ते म्हणाले. मग रांगेवरून नजर फिरवून, "आक्का कुठं हायत?"

आक्कांचा मुलगा पुढं आला. "अव्वा पूजेला बसलीया. मी चहा प्यायला आलतो. ती पूजेतनं उठायची न्हाय, चाचा. हातावर लिंग घेतलं की ती मधी उठत न्हाय."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते मला आता सांगता येणार नाही. कदाचित एकच क्षण असेल.

"तू हितंच थांब," ते म्हणाले. "एक बी माणूस हलू देऊ नगंस."

जहाजाचा एक माणूस दोन्ही हात पसरून जिन्यापाशी उभा होता. चाचा त्याच्याकडं गेलेच नाहीत. ते उलट्या बाजूला गेले, भिंतीसारख्या दिसणाऱ्या एका पांढऱ्या दाराकडं. ते ढकललं आणि आत नाहीसे झाले. तो नोकरमाणसांचा जिना होता. खालच्या लोकांचं जहाज त्यांना तोंडपाठ होतं.

मी सदतीस माणसं धरून उभी राहिले. मुलानं दोनदा निसटायला बघितलं, त्याला पाटलांनी दंडाला धरून ठेवलं. कुणीतरी स्तोत्र म्हणायला लागलं. मी मनात एकच गोष्ट घोकत होते, की मी चेन ओढली, मी चेन ओढली. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

पुढचं सगळं मला आक्कांनी सांगितलं. त्यांनी आरशासमोरच्या टेबलावर ताट मांडलं, हॉटेलातून आणलेल्या काडीनं निरांजन आणि कापूर पेटवला आणि डावा तळहात पुढं घेऊन डोळे मिटले. जयसिंगपूरच्या देवघरात ताट जिथं ठेवावं तिथंच राहतं. इथं जहाज जरासं कललं, ताट घसरत टेबलाच्या कडेला टांगलेल्या टॉवेलापाशी गेलं. आक्कांना जळका वास आला, धूर आला, भोंगा ऐकू आला. पण तळहातावर लिंग होतं आणि जप पुरा झाला नव्हता. त्या बसून राहिल्या.

चाचा आत आले. कॉटवरची चादर ओढली, नहाणीत फवाऱ्याखाली धरली आणि टेबलावर टाकली. दुसरी चादर, दुसऱ्यांदा. आग गेली, धूर राहिला. आक्का खोकत होत्या, पण डोळे मिटलेलेच. तेवढ्यात आग विझवणाऱ्यांचे कपडे चढवलेले दोघं जण दारात आले. ते आक्कांना उचलून बाहेर नेणार होते. आणि चाचा दारात आडवे उभे राहिले.

"फायर फिनिश," म्हणाले. "लेडी टू मिनिट."

धुराला आयुष्यभर भ्यालेला माणूस त्या धुरात चौकटीच्या दोन्ही बाजू धरून उभा राहिला. आक्कांचा जप पुरा झाला, त्यांनी लिंग करंड्यात ठेवलं, करंडा गळ्यात घातला. मग चाचा बाजूला झाले.

"आमच्यात जीवावर बेतलं तर नमाज तोडायला मुभा हाय," मला नंतर म्हणाले. "ह्येंच्यात हाय का न्हाय मला कुठं ठाव? आणि इचारू कुणाला? त्या तर बोलत न्हवत्या."

दहा वाजता आम्हाला एका लहान ऑफिसात बोलावलं. टेबलावर जळका टॉवेल, काळं पडलेलं निरांजन आणि कापराची डबी मांडलेली होती. पलीकडं जहाजाचा एक अधिकारी. आक्का खुर्चीत, मुलगा त्यांच्यामागं. चाचा उभे. मी त्यांच्याशेजारी, कारण चाचांचं इंग्रजी चादरी-टॉवेलापुरतं होतं आणि कागदावर सही करायची होती.

अधिकारी सभ्य माणूस होता, आवाजही चढवत नव्हता. त्यानं नियम सांगितला. ज्वाला घेऊन येणाऱ्या माणसाला पुढच्या बंदरात उतरवलं जातं आणि त्या कंपनीच्या कुठल्याही जहाजावर पुन्हा घेतलं जात नाही. पुढचं बंदर त्याच दुपारी होतं. त्यानं विचारलं, ह्या सामानाला जबाबदार कोण?

मी ते मराठीत सांगितलं. आक्का उठायला लागल्या. चाचांनी हातानंच त्यांना बसवलं.

"त्याला सांग," ते मला म्हणाले, "म्हाताऱ्या बाईला नियम ठाव न्हवता. ब्यागा मी तपासल्या. कापूर मी जाऊ दिला."

अधिकारी माझ्याकडं बघत होता. चाचाही.

"सांग की."

माझ्या तोंडून ते इंग्रजीत बाहेर पडलं. हे म्हणतात की बॅगा यांनी तपासल्या. हे म्हणतात की कापूर यांनी जाऊ दिला. मराठीतलं खोटं त्यांचं होतं, पण तिथं मोजलं गेलं ते इंग्रजीतलं, आणि ते माझं होतं. मी एक शब्द बदलला असता तरी गोष्ट वेगळी झाली असती. मी बदलला नाही. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं, चाचांनी मराठीत सही केली.

दुपारी उतरायच्या शिडीपाशी ते एक पिशवी घेऊन उभे होते. मी म्हटलं, "चाचा, मी वर जाऊन खरं सांगते."

"मग तुला बी उतरवतील," ते म्हणाले. "ही अडतीस माणसं मी कुणाच्या हातात देऊ? त्या जहाजाच्या साहेबाच्या?" मग त्यांनी आपली नावांची वही माझ्या हातात ठेवली. "सांच्याला मोज. सकाळी उठल्यावर मोज. बंदरातनं परत आल्यावर दोनदा मोज." आणि ते शिडी उतरून गेले. खाली पोहोचल्यावर त्यांनी वर बघितलं नाही, बंदराच्या इमारतीकडं बघितलं. बहुतेक दारं मोजत असतील.

कोल्हापुरात परतल्यावर मालक त्यांच्यावर फार ओरडले. आम्ही नेत होतो ते एकुलतं एक जहाज त्याच कंपनीचं होतं. चाचांचं जहाजावर जाणं संपलं. ते ऐकून घेत उभे राहिले, आणि मीही शेजारच्या टेबलावर टाईप करत ऐकत राहिले. आक्का मुलाला घेऊन माफी मागायला आल्या, तेव्हा चाचा त्यांना म्हणाले, "चूक तपासणाऱ्याची असती." मी त्या दिवशी जेवले नाही. घरी आई म्हणाली, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, नाही बरी.

तीन महिन्यांनी पुढची सहल निघाली. चाचा जाणार नव्हते, मी जाणार होते. पण हॉलमध्ये खडूच्या केबिनी त्यांनीच काढल्या, माणसं डोळे मिटून त्यांनीच चालवली. तपासणीच्या दिवशी दोन टेबलं मांडली. ते पुरुषांच्या टेबलापाशी बसले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटलं, ते आता बायकांच्या बॅगांसाठी दुसरं कुणीतरी बघतील. बघायलाच हवं होतं.

"रांग थांबलीया," ते मान खालीच ठेवून म्हणाले.

"चाचा, दुसऱ्या कुणालातरी सांगा."

"का?"

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. मागच्या रांगेत मालक बसले होते. मला आवाज लहान ठेवता आला असता. मी ठेवला नाही.

"मागच्या वेळी तो कापूर मी जाऊ दिला होता. चाचांनी नाही. मी बॅग उघडली, मी बघितला आणि मीच चेन ओढली."

मालक उठून उभे राहिले. रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चाचांच्या हातात कुणाचा तरी शर्ट होता, तो त्यांनी नीट घडी घालून बॅगेत परत ठेवला.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "त्या साहेबाला इंग्रजीत सांगताना तुझं व्हट कापत हुतं. म्हणून तर म्हणतोय, बायकांच्या ब्यागा तुझ्याकडं. जिला एकदा असं कापरं भरलंय, ती आता काय बी सोडायची न्हाय. चल, पुढची ब्याग घे."

मी पुढची बॅग घेतली. डोळ्यांतलं पाणी तीत पडू नये म्हणून मान वर धरून चाचपत होते, आणि ती बाई माझ्याकडं घाबरून बघत होती. मालक काय बोलले ते मला आठवत नाही, बोलले खूप. आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी आणि पुढच्या सहा वर्षांत चाचांनी माझ्या टेबलावरून गेलेली एकही बॅग पुन्हा उघडून बघितली नाही. मी मात्र प्रत्येक बॅग दोनदा उघडत गेले.